नानांच्या चार फ्लॉप्या

मंडळी, कॅनडातल्या मराठी घराची खरी माळ्याची खोली म्हणजे बेसमेंट. गणपतीचं मखर, चकल्यांचा सोऱ्या, मुलांना लहान झालेले स्केट्स, इमिग्रेशनच्या कागदांची फाइल, आणि भारतात जाताना लागतील म्हणून जपलेल्या पण वजनाला जड पडणाऱ्या सुटकेसा. याच पसाऱ्यात, ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात इथे संसार मांडला त्यांच्याकडे, बुटांच्या एखाद्या खोक्यात रबरबँड लावलेल्या फ्लॉप्याही सापडतात. त्यांत नोकरीचे अर्ज असतात, मंडळाच्या नाटकाची संहिता असते, सभासदांची यादी असते. टाकवत नाहीत आणि वाचताही येत नाहीत, अशी ही वस्तू.

आमच्या घरी अशा चार फ्लॉप्या होत्या. त्यांवर नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वळणदार अक्षरात पेन्सिलीने १, २, ३, ४ असे आकडे आणि खाली फक्त 'आठवणी' एवढंच लिहिलेलं. त्या वाचायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागलं. त्या वर्षात फ्लॉपी या प्रकाराबद्दल मला जे कळलं ते सांगावं, आणि त्या निमित्ताने तुमच्याही खोक्यांची आठवण करून द्यावी, म्हणून हा लेख.

आधी नानांविषयी. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. निम्मी नोकरी कोयनानगरला, उरलेली साताऱ्याच्या आसपास. १९९० साली निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टोरोंटोला आले. 'लेकीच्या घरी इतके दिवस राहायचं म्हणजे...' असं पुटपुटतच आले. आजी आजारी असल्यामुळे आई साताऱ्यालाच राहिली. आम्ही तेव्हा स्कारबरोच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहत होतो. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडणार, संध्याकाळी सहाला परत. बाहेर उणे पंधरा. आयुष्यभर उन्हातान्हात कालव्यांवर फिरलेला माणूस खिडकीत बसून बर्फ बघत होता.

नवऱ्याने एका विद्यार्थ्याकडून जुना मॅकिंटॉश प्लस घेतला होता. एका मित्राने कुठूनसा देवनागरी फॉन्ट आणून दिला. कोणत्या कळीवर कोणतं अक्षर आहे याचा तक्ता नवऱ्याने पुठ्ठ्यावर चिकटवून नानांपुढे ठेवला. नानांनी चार दिवस त्या यंत्राकडे संशयाने बघितलं आणि पाचव्या दिवशी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. संध्याकाळी आम्ही आलो की ते काम आवरून, फ्लॉपी काढून, पेटी बंद करून बसलेले असत. काय लिहिताय असं विचारलं तर म्हणत, "होऊ दे पुरं, मग बघा." ते पुरं झालं की नाही हे काही कळलं नाही. एप्रिलमध्ये ते परत गेले. मॅक १९९६ साली बंद पडला. नाना २००४ साली गेले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने विचारलं, "नानाआजोबा धरणावर नक्की काय करत होते?" आणि माझ्या लक्षात आलं, की मला चार वाक्यांपलीकडे काही सांगता येत नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. घरात तो विषय निघाला की नाना उठून अंगणात जात. मग त्या चार फ्लॉप्या आठवल्या.

यूएसबीची एक फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मागवली. पहिली फ्लॉपी आत सरकवली. थोडी घरघर झाली आणि पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? शेजारीच 'हो'चं बटण. तुम्हीही जुनी फ्लॉपी घालून बघणार असाल तर एवढी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नाही'. फॉरमॅट करणं म्हणजे भरलेल्या वहीवर नव्याने रेघा मारणं. संगणकाला आपल्या रेघा ओळखता येत नाहीत, म्हणून तो समोरच्या वहीला कोरी समजतो. अक्षर नाही आणि अक्षर वाचता येत नाही, यांतला फरक त्याला कळत नाही.

मी 'नाही' म्हटलं, फ्लॉपी बाहेर काढली आणि मुलाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न केला, "कोपऱ्यात एक भोक आहे की दोन?" साडेतीन इंची फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात सरकणारी छोटी पट्टी असते. ती सरकवून भोक उघडं ठेवलं की त्या फ्लॉपीवर कुणाला काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. तिच्या समोरच्या कोपऱ्यात आणखी एक भोक असेल तर ती जास्त क्षमतेची, म्हणजे १.४४ एमबीची. आमच्या चारही फ्लॉप्यांना दुसरं भोक नव्हतं. "मग या मॅकच्या ८०० केबीच्या असणार," तो म्हणाला. "आई, तुझी ड्राइव्ह त्या कधीच वाचू शकणार नाही. ती बिघडलेली नाही, तिचा वेगच वेगळा आहे."

फ्लॉपीचा वेग म्हणजे काय? आषाढीच्या वारीतलं रिंगण आठवा. एकाच मध्याभोवती गोल धावायचं असेल तर बाहेरच्याला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. फ्लॉपीच्या आतली चकतीही अशीच. तिच्यावर ८० वर्तुळं असतात, एकात एक. सर्वांत बाहेरचं वर्तुळ सर्वांत आतल्याच्या दीडपटीहून थोडं जास्तच लांब. प्रत्येक वर्तुळाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. आता प्रश्न असा, की बाहेरच्या लांब वर्तुळावर जी जास्तीची जागा आहे तिचं करायचं काय?

याची तीन उत्तरं तीन कंपन्यांनी दिली, आणि आपल्या सगळ्यांच्या खोक्यांतला गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आयबीएमच्या वळणाच्या पीसींनी सरळ मार्ग धरला. चकती मिनिटाला ३०० फेरे घेणार, आत असो वा बाहेर. प्रत्येक वर्तुळावर सेक्टर तितकेच. ७२० केबीच्या फ्लॉपीत ९, आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीत १८. हिशोब सोपा: ८० वर्तुळं, दोन बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. बाहेरच्या वर्तुळावरची जागा वाया जाते, पण यंत्र साधं आणि स्वस्त राहतं. सेकंदाला पाच फेरे, म्हणजे सगळी फ्लॉपी वाचायला, एकही फेरा फुकट गेला नाही असं धरलं तरी, ३२ सेकंद. आज फोनवरचा एक साधा फोटो अशा दोन फ्लॉप्यांत जेमतेम मावेल.

ॲपलने चाकाचा वेगच बदलायचं ठरवलं. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून त्यांनी ८० वर्तुळांचे सोळा-सोळाचे पाच गट पाडले. बाहेरच्या गटात १२ सेक्टर, मग ११, १०, ९ आणि सर्वांत आत ८. डोकं बाहेर असताना चकती सावकाश फिरायची, मिनिटाला सुमारे ३९४ फेरे; आत जावं तसा वेग वाढत ५९० पर्यंत जायचा. सोळा गुणिले पन्नास म्हणजे ८०० सेक्टर, म्हणजे एका बाजूला ४०० केबी आणि दोन बाजूंना मिळून ८००. पीसी ज्या जातीच्या फ्लॉपीत ७२० केबी बसवत होता, तिच्यातच ॲपलने ८० केबी जास्त बसवले. बिट लिहिण्याची सांकेतिक पद्धतही त्यांनी वेगळी ठेवली. परिणाम असा, की पीसीच्या ड्राइव्हला ही फ्लॉपी म्हणजे अनोळखी लिपी.

हे वाचताना मला एकदम नानांचं वाक्य आठवलं. "तुमचं हे यंत्र गुणगुणतं गं," असं ते म्हणायचे. फ्लॉपी वाचताना त्या मॅकमधून हलका सूर यायचा आणि तो पायरी-पायरीने चढायचा-उतरायचा. तो सूर म्हणजे मोटरचा बदलणारा वेग. पाच गट, पाच सूर. तीस वर्षांपूर्वी नानांच्या कानांनी जे टिपलं त्याचं कारण मला आत्ता कळत होतं.

तिसरं उत्तर कमोडोरचं. या कंपनीचं मूळ आपल्याच शहरातलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या जॅक ट्रॅमियल यांनी १९५०च्या दशकात टोरोंटोत टाइपरायटरच्या धंद्यातून ती उभी केली. पुढे १९८२ साली आलेला कमोडोर ६४ इथल्या कितीतरी मुलांचा पहिला संगणक. त्याच्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये चकती एकाच वेगाने फिरायची, मिनिटाला ३०० फेरे. पण बाहेरच्या वर्तुळावर ती अधिक घाईने लिहायची आणि आतल्यावर सावकाश. बाहेर २१ सेक्टर, आत १७. मात्र ड्राइव्ह आणि संगणक यांना जोडणारा मार्ग इतका अरुंद होता, की सेकंदाला तीन-चारशे बाइटच यायचे. खेळ चालू व्हायच्या आत मुलांचं दूध पिऊन व्हायचं, असं आमच्या शेजारच्या वहिनी अजून सांगतात.

म्हणजे पीसीने काहीच बदललं नाही, ॲपलने चाकाचा वेग बदलला, कमोडोरने हाताचा वेग बदलला. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर. फक्त एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईना.

एकाच घराण्यातही भांडणं होतीच. मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी आम्हाला दोन सव्वापाच इंची फ्लॉप्या दिल्या, सभासदांच्या याद्यांच्या. दोन्ही पीसीच्याच. पण त्यांतही दोन प्रकार: जुनी ३६० केबीची, ४० वर्तुळांची आणि ३०० फेऱ्यांच्या ड्राइव्हसाठी, आणि १९८४ नंतरची १.२ एमबीची, ८० वर्तुळांची आणि ३६० फेऱ्यांच्या ड्राइव्हसाठी. नवी ड्राइव्ह जुनी फ्लॉपी वाचते. पण नव्या ड्राइव्हचं डोकं अरुंद. तिने जुन्या फ्लॉपीवर काही लिहिलं तर रुंद रस्त्याच्या मधोमध अरुंद पट्टा डांबरावा तसं होतं. दोन्ही कडांना जुना मजकूर उरतो. मग तीच फ्लॉपी जुन्या ड्राइव्हमध्ये घातली की तिला जुनं आणि नवं एकदम ऐकू येतं आणि ती गोंधळते. दिलेल्या दोनपैकी एक यादी अशीच, अर्धी या वर्षाची आणि अर्धी त्या वर्षाची, निघाली.

तर मग नानांच्या फ्लॉप्या वाचायच्या कशा? एक मार्ग म्हणजे चालू स्थितीतला जुना मॅक शोधणं. आमच्या मुलाने दुसरा धरला. ग्रीझविझल नावाचा एक छोटा बोर्ड मिळतो. त्याच्या एका टोकाला पीसीची साधी जुनी ड्राइव्ह जोडायची, दुसऱ्या टोकाला आजचा संगणक. ड्राइव्ह त्याला हॅमिल्टनच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली. या बोर्डाची गंमत अशी, की तो अक्षरं वाचायचा प्रयत्नच करत नाही. चकतीवर चुंबकाची दिशा कुठे कुठे पालटते आणि दोन पालटांमध्ये किती वेळ गेला, तेवढंच तो मोजत जातो. मजकुराचा अर्थ मागाहून संगणकावर लावायचा. आमची ड्राइव्ह ३०० फेऱ्यांनीच फिरत होती आणि फ्लॉपी लिहिताना ती ३९४ ते ५९० फेऱ्यांनी फिरलेली होती. पण वर्तुळं त्याच जागी आहेत, आणि कोणत्या गटात वेग किती होता हे माहीत आहे. मग त्या प्रमाणात वेळ कमी-जास्त करून घेतला की झालं. द्रुत लयीतली तान विलंबित लयीत ऐकायची आणि स्वर मात्र तेच ओळखायचे, तसं.

घाई मात्र करता आली नाही. टोरोंटोच्या उन्हाळ्यात बेसमेंटला ओल धरते. तिसऱ्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून बघितली तर चकतीवर फिकट डाग. ती बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातली असती तर डोक्याने ती खरवडली असती आणि तिच्याबरोबर मजकूरही गेला असता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने, चकती हाताने जरा जरा फिरवत, मुलाने दोन संध्याकाळी ती पुसली.

पहिली, दुसरी आणि चौथी फ्लॉपी पूर्ण वाचली गेली. तिसरीतले काही सेक्टर गेले ते गेलेच.

इथे गोष्ट संपेल असं वाटलं होतं. पण फॉरमॅट नावाचं प्रकरण कांद्यासारखं असतं. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. वर्तुळं आणि सेक्टर हा पहिला. फायली कुठे ठेवल्या त्याची मॅकची जुनी पद्धत हा दुसरा. आजच्या मॅकनेही ती २०१९ पासून सोडून दिली आहे, पण फुकट मिळणाऱ्या साधनांनी ती उलगडते. तिसरा पापुद्रा मॅकराइटच्या फायलींचा. त्या लिब्रेऑफिसमध्ये चक्क उघडल्या. आणि उघडल्यावर दिसलं काय? इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, डॉलरची चिन्हं, कंस. पानंच्या पानं.

चौथा पापुद्रा लिपीचा होता. त्या काळचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी सदरा. संगणक मनात इंग्रजी कळच नोंदवायचा, पडद्यावर फक्त आकार देवनागरी दाखवायचा. फॉन्ट हरवला की सदरा उतरला. श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत काम केलेल्या कुणालाही हे दुखणं ठाऊक असेल. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१मध्ये निघाली, नाना इथे यायच्या जेमतेम महिनाभर आधी. ती घराघरांतल्या संगणकांत पोचायला मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं लागली.

आमचा फॉन्ट कुणाकडे नव्हता. पुठ्ठ्यावरचा तक्ताही केव्हाच गेला होता. उपाय निघाला साताऱ्यातून. भावाला हे सगळं सांगत होते तेव्हा शेजारून आई म्हणाली, "त्यांनी एक पान पाठवलं होतं बघ मला छापून. पोथीत आहे." नानांनी लिहिलेलं पहिलं पान ठिपक्यांच्या प्रिंटरवर छापून पाकिटातून आईला धाडलं होतं आणि तिने ते बत्तीस वर्षं जपलं होतं. भाचीने त्याचा फोटो पाठवला. कराडजवळच्या त्यांच्या गावाचं वर्णन, कृष्णा-कोयनेच्या संगमावरची पोहण्याची हौस. मग पडद्यावर पहिलं पान उघडून आम्ही दोन्ही शेजारी ठेवली. इथे 'कराड' आहे, म्हणजे ही तीन चिन्हं क, र, ड आणि ही उभी रेघ म्हणजे काना. एकेक अक्षर सुटत गेलं. ऱ्हस्व वेलांटीने दोन दिवस खाल्ले, कारण फॉन्टमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते; युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी अक्षर आणि मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. मुलाने छोटा प्रोग्राम लिहिला. जोडाक्षरं कुठे चुकली ते सांगायचं काम माझं. इथे वाढलेल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या माझ्या मुलाबरोबर मी एवढं मराठी त्याआधी कधी वाचलं नव्हतं.

आणि मग नाना बोलू लागले.

तिसऱ्या फ्लॉपीत कोयनानगर होतं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास झालेला तो भूकंप. सुमारे पावणेदोनशे माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत, मुंबईपर्यंत धक्का बसला आणि कोयनेची वीज गेल्यामुळे तिथे अंधार झाला. हे सगळं पुस्तकात मिळतं. नानांनी लिहिलं होतं ते पुस्तकात नाही. क्वार्टरची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आम्ही वाचलो. आई तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. मला सतरंजीत गुंडाळून त्यांनी मोकळ्या माळावर आणलं. आणि मग लिहिलं होतं: "वरून निरोप येण्याची वाट पाहण्याजोगी वेळ नव्हती. धरण फुटलं असतं तर खालच्या खोऱ्यातलं एकही गाव राहिलं नसतं. बॅटरी घेऊन निघालो. तुम्हाला दोघींना त्या थंडीत उघड्यावर टाकून गेलो. पायवाटेवरून दोनदा मागे फिरलो आणि दोनदा परत वळलो."

धरणाला भेगा गेल्या होत्या, पण ते उभं राहिलं. नाना दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. पुढे त्यांनी लिहिलंय, की आईने एका शब्दानेही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच त्यांना जन्मभर पुरलं.

एका रविवारी सकाळी, म्हणजे साताऱ्याच्या संध्याकाळी, मी हे आईला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. ऐकून झाल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "धरणावर गेले ते मला ठाऊकच होतं. त्यात विचारायचं काय? पण दोनदा मागे फिरले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि भावाला म्हणाली, "दिवा लाव रे देवापाशी."

तिसऱ्या फ्लॉपीतले जे सेक्टर गेले त्यांतला एक नेमका इथलाच. त्या पहाटे कुणीतरी स्वतःचं घोंगडं आईला आणि मला दिलं होतं. "ते घोंगडं देणारा माणूस म्हणजे आमच्याच गँगवरचा" इथपर्यंत वाक्य आहे. पुढे ५१२ बाइट नाहीत, आणि त्यानंतर दुसराच विषय. नाव गेलं. आईलाही ते आठवत नाही. त्या माणसाच्या घरच्यांना शोधून 'तुमच्या आजोबांनी आम्हाला पांघरूण दिलं होतं' असं सांगायची माझी फार इच्छा होती. एका फ्लॉपीत असे सोळाशे सेक्टर असतात. त्यांतला एक म्हणजे फार तर पाव पान. पण गेलेलं पाव पान कोणतं असावं हे आपल्या हातात नसतं.

म्हणून मंडळी, एक विनंती. तुमच्या खोक्यांत फ्लॉप्या असतील तर या हिवाळ्यात त्या वर आणा. बेसमेंटची ओल त्यांचा मोठा शत्रू आहे. साडेतीन इंची असेल तर पट्टी सरकवून भोक उघडं करा. सव्वापाच इंची असेल तर उलट, कडेची खाच कागदी पट्टीने झाका. म्हणजे चुकूनही काही पुसलं जाणार नाही. चकतीवर डाग दिसले तर आधी साफ करा, मगच ड्राइव्हमध्ये घाला. ती कोणत्या यंत्रावर लिहिली होती ते घरच्या जाणत्या माणसाला विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा: मॅक, पीसी, कमोडोर. निम्मं काम त्या एका शब्दाने होतं. मराठी मजकूर असेल तर त्या काळातलं एखादं छापील पान शोधा. पत्र, नाटकाची संहिता, मंडळाचा जुना अंक, काहीही चालेल. आमच्या मुलाचा बोर्ड आणि ड्राइव्ह दोन्ही आमच्याकडे आहेत. मंडळाच्या कुणालाही हवं असेल तर या, चहा पिता पिता वाचून बघू. आणि वाचलेलं एकाच ठिकाणी ठेवू नका. दोन प्रती दोन घरी ठेवा, आणि जमलं तर कागदावर छापा. आमच्या बाबतीत शेवटी किल्ली निघाली ती कागदातूनच.

नानांच्या आठवणी आता एकशे दहा पानांच्या झाल्या आहेत. पाच प्रती छापल्या: एक आईकडे, एक भावाकडे, एक भाचीकडे, दोन इथे. गेलेल्या मजकुराच्या जागी आम्ही काही भरलेलं नाही, तेवढी जागा कोरी सोडली आहे. कोयनानगरला त्या वर्षी असलेल्या कुणाच्या घरच्यांनी हा अंक वाचला आणि घोंगड्याची गोष्ट त्यांच्याकडे दुसऱ्या टोकाने सांगितली जात असेल, तर मला जरूर कळवावं. तिथे एक नाव लिहायचं आहे.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.